निवृत्तिवेतनाचे वचन आणि त्याची तरतूद

शासकीय सेवेत २०२५ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी रुजू झालेला लिपिक किंवा शिक्षक २०५८ ते २०६० च्या सुमारास निवृत्त होईल, तो ऐंशी वर्षे जगला तर २०८० पर्यंत निवृत्तिवेतन घेईल आणि त्याच्या मागे राहिलेल्या जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन त्याहूनही पुढे काही वर्षे मिळत राहील. म्हणजे त्याच्या नेमणुकीच्या आदेशावर सही होते त्या दिवशी शासन सुमारे साठ वर्षे पुरणारे आर्थिक वचन देत असते. वचन देणारे मंत्रिमंडळ आणि त्याची पूर्तता करणारे मंत्रिमंडळ यांच्यात दोन पिढ्यांचे अंतर असते, आणि ज्या करदात्यांच्या पैशातून ती पूर्तता व्हायची आहे, त्यांच्यातील बहुतेकांचा जन्मही अद्याप झालेला नसतो. सार्वजनिक निवृत्तिवेतनाच्या भवितव्याविषयीचे सगळे वाद या अंतरातून निर्माण झालेले आहेत. निवृत्तिवेतन द्यावे की देऊ नये, हा त्या वादांचा गाभा नाही. दिलेल्या वचनासाठी पैसा केव्हा आणि कोणी बाजूला काढायचा, हा आहे.

वचनाचे स्वरूप

निवृत्तिवेतन ही मालकाने खूश होऊन दिलेली बक्षिसी नाही, हे भारतात न्यायालयीन निर्णयाने प्रस्थापित झालेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा यांच्या प्रकरणात दिलेल्या निकालात निवृत्तिवेतन हा केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे, असे स्पष्ट केले. मूळचे पुण्याचे असलेले तत्कालीन सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड त्या पाच सदस्यीय घटनापीठाच्या प्रमुखपदी होते, आणि देशभरातील निवृत्तिवेतनधारकांच्या संघटना १७ डिसेंबर हा दिवस आजही ‘पेन्शनर्स डे’ म्हणून पाळतात. या निकालामागील अर्थशास्त्रीय विचार असा मांडता येतो की निवृत्तिवेतन हे पुढे ढकललेले वेतन आहे: कर्मचाऱ्याने आज केलेल्या कामाचा काही मोबदला त्याला आज मिळतो आणि उरलेला म्हातारपणी मिळतो. हा विचार मान्य केला तर एक निष्कर्ष टाळता येत नाही. जे वेतन आज कमावले गेले, त्याचा खर्चही आजच्याच हिशेबात दिसायला हवा.

जुन्या निवृत्तिवेतन योजनेत तो दिसत नव्हता. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९७२ च्या आणि महाराष्ट्रातील राज्य कर्मचाऱ्यांसाठी १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनी ज्या योजनेची चौकट ठरवली, तिच्यात अखेरच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के इतके निवृत्तिवेतन, त्यावर वर्षातून दोनदा सुधारली जाणारी महागाई वाढ, प्रत्येक वेतन आयोगानंतर होणारी फेररचना आणि मृत्यूनंतर कुटुंब निवृत्तिवेतन असे लाभ आहेत. निवृत्तिवेतनाचा काही भाग आगाऊ, एकरकमी घेण्याची म्हणजे अंशराशीकरणाची सोयही आहे. केंद्रीय नियमांनुसार ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते आणि ती टप्प्याटप्प्याने वाढत वयाच्या शंभराव्या वर्षी १०० टक्के होते. निवृत्तिवेतनधारकाने दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा, म्हणजे पुढील वर्षभर रक्कम खात्यात जमा होत राहते. या सर्व लाभांसाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काहीही कापले जात नाही. भविष्य निर्वाह निधीत तो जे भरतो, ती त्याची स्वतंत्र बचत असते.

अशा योजनेला परिभाषित लाभाची योजना म्हणतात, कारण तिच्यात मिळणारा लाभ आधीच ठरलेला असतो आणि त्यासाठी लागणारा पैसा कितीही असला तरी तो उभा करण्याची जबाबदारी मालकावर असते. शासनाच्या बाबतीत हा पैसा कोणत्याही स्वतंत्र निधीत साठत नाही. त्या त्या वर्षीच्या कर महसुलातून, म्हणजे केंद्राच्या किंवा राज्याच्या एकत्रित निधीतून, त्या वर्षीचे निवृत्तिवेतन दिले जाते. परिणामी नवी भरती करताना अंदाजपत्रकात वेतनाचा बोजा दिसतो, परंतु त्याच भरतीतून निर्माण झालेले निवृत्तिवेतनाचे दायित्व पुढील तीस-पस्तीस वर्षे कोठेही दिसत नाही.

वाढते आयुष्य, आटते गुणोत्तर

चालू महसुलातून निवृत्तिवेतन देण्याची पद्धत कमावत्यांची संख्या वाढत असते आणि वृद्धांची कमी असते, तोवर सुरळीत चालते. भारतात ही परिस्थिती वेगाने पालटत आहे. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातील साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे १०.५ टक्के होते आणि २०५० पर्यंत ते २०.८ टक्के होण्याचा अंदाज आहे. जन्मदराची दिशाही तीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत एका स्त्रीमागे सरासरी अपत्यांची संख्या देशात २.०, महाराष्ट्रात १.७ आणि गोव्यात १.३ आढळली. पिढीची संख्या कायम राहण्यासाठी ती सुमारे २.१ असावी लागते. म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा या राज्यांत २०५० नंतर वृद्धांची काळजी वाहणारी पिढी आजच्या पिढीपेक्षा लहान असणार आहे.

शासकीय सेवेपुरते पाहिले तर हे गुणोत्तर आधीच उलटे झालेले आहे. संरक्षण दलांसह केंद्राचे सुमारे ५० लाख कर्मचारी सेवेत आहेत, तर निवृत्तिवेतनधारकांची संख्या ६५ लाखांहून अधिक आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात एकट्या संरक्षण निवृत्तिवेतनासाठी सुमारे १.६१ लाख कोटी रुपयांची तरतूद होती. सैनिक तरुण वयात निवृत्त होतात आणि त्यांच्या त्यागाचे मोल देशाने मान्य केलेले आहे, त्यामुळे या खर्चाच्या औचित्याबद्दल वाद नाही. मात्र हा खर्च ज्या महसुलातून होतो, त्याच महसुलातून शाळा, पाटबंधारे, आरोग्य केंद्रे आणि नवी भरतीही व्हायची असते, हे नजरेआड करता येत नाही.

२००४ चे वळण

हे संकट नव्वदच्या दशकाअखेरीस धोरणकर्त्यांच्या लक्षात आले होते. एस. ए. दवे यांच्या अध्यक्षतेखालील ‘ओएसिस’ प्रकल्पाच्या समितीने २००० मध्ये वृद्धापकाळासाठी वैयक्तिक खात्यांची कल्पना मांडली. तिचा मूळ भर असंघटित क्षेत्रातील श्रमिकांवर होता, परंतु प्रत्यक्षात तिचा पहिला व्यापक वापर शासकीय कर्मचाऱ्यांसाठी झाला. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या सेवेत येणाऱ्यांना, सैन्यदले वगळता, नवी म्हणजेच राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांसाठी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना आणली आणि ती पुढे राष्ट्रीय योजनेत विलीन झाली. पश्चिम बंगाल मात्र जुन्या योजनेवरच राहिला.

परिभाषित अंशदानाच्या योजनेत भरायची रक्कम ठरलेली असते आणि मिळणारा लाभ अनिश्चित असतो. कर्मचाऱ्याच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम त्याच्या पगारातून कापली जाते, शासन आपला हिस्सा घालते (केंद्राने तो २०१९ पासून १४ टक्के केला), आणि ही रक्कम निवृत्तिवेतन निधी व्यवस्थापकांमार्फत रोख्यांत व काही प्रमाणात शेअर बाजारात गुंतवली जाते. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी ठरलेल्या नियमानुसार निवृत्तीच्या वेळी जमा रकमेपैकी ६० टक्क्यांपर्यंत रक्कम एकरकमी मिळते आणि किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून वार्षिकी, म्हणजे आजन्म ठरावीक उत्पन्न देणारी पॉलिसी, घ्यावी लागते.

शासनाच्या दृष्टीने या बदलाचा मोठा गुण असा की वचनाचा खर्च दर महिन्याला, सेवा घडत असतानाच, हिशेबात येऊ लागला. दोष असा की सगळी जोखीम कर्मचाऱ्याच्या खांद्यावर गेली. एखाद्या कर्मचाऱ्याच्या खात्यात निवृत्तीच्या वेळी १ कोटी रुपये जमा असले आणि त्याने ४० लाखांची वार्षिकी ६ टक्के दराने घेतली, तर त्याला महिन्याला २० हजार रुपये मिळतील. परंतु ही रक्कम महागाईबरोबर वाढणार नाही, आणि ५ टक्के महागाई धरली तर चौदा-पंधरा वर्षांत तिची क्रयशक्ती निम्म्यावर येईल. ज्याची सेवा दहा-बारा वर्षांचीच झाली, त्याच्या खात्यातून मिळणारी वार्षिकी तर काही हजारांत अडकते. अंमलबजावणीतही उणिवा राहिल्या: भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२० मधील अहवालाने खाती उघडण्यात आणि अंशदान जमा करण्यात झालेल्या विलंबावर बोट ठेवले. उशिरा जमा झालेल्या प्रत्येक हप्त्याबरोबर त्यावरील परतावाही बुडतो, आणि तो बुडालेला परतावा कर्मचाऱ्याच्या म्हातारपणातून वजा होतो.

स्थित्यंतराच्या काळातील दुहेरी बोजाही येथे समजून घ्यायला हवा. योजना बदलली तरी जुन्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन चालूच राहते, आणि त्याच वेळी नव्या कर्मचाऱ्यांच्या खात्यात शासनाचा हिस्सा भरावा लागतो. म्हणजे एका पिढीच्या करदात्यांना मागील पिढीचे न साठवलेले आणि पुढील पिढीचे साठवायचे असे दोन्ही निवृत्तिवेतन द्यावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासानुसार जुन्या योजनेतील शेवटची तुकडी २०४० च्या दशकाच्या सुरुवातीला निवृत्त होईल आणि तिचे निवृत्तिवेतन २०६० च्या दशकापर्यंत चालेल. सुधारणेचे फळ चाळीस वर्षांनी दिसणार आणि तिचा भार आजच सोसायचा, ही स्थिती कोणत्याही लोकशाहीत राजकीयदृष्ट्या कठीण असते.

माघारीचा मोह

या कठीण स्थितीतूनच जुन्या योजनेकडे परतण्याची लाट आली. २०२२ व २०२३ मध्ये राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश या राज्यांनी तसे निर्णय घेतले. महाराष्ट्रात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा घेऊन राज्य कर्मचारी, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी १४ मार्च २०२३ पासून बेमुदत संपावर गेले, शासकीय रुग्णालये, शाळा आणि कार्यालये यांचे कामकाज विस्कळीत झाले, आणि निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमून निवृत्तीनंतरच्या आर्थिक व सामाजिक सुरक्षेवर तोडगा काढण्याचे आश्वासन मिळाल्यावर २० मार्चला संप मागे घेतला गेला. या आंदोलनामागील भीती खरी होती. तीस वर्षे सेवा करून म्हातारपण बाजाराच्या चढउतारावर सोपवावे लागणे, हे शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या आणि केवळ दोन वर्षे आधी रुजू झालेल्या सहकाऱ्याला मिळणाऱ्या निश्चित निवृत्तिवेतनाच्या तुलनेत अन्यायाचे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु भीती खरी असली म्हणून प्रत्येक उपाय परवडणारा ठरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या मासिक पत्रिकेतील अभ्यासाने असा अंदाज मांडला की सर्व राज्ये जुन्या योजनेकडे परतली तर एकूण आर्थिक भार राष्ट्रीय योजनेच्या सुमारे ४.५ पट होऊ शकतो आणि अतिरिक्त बोजा २०६० पर्यंत वार्षिक सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.९ टक्क्यांपर्यंत पोहोचू शकतो. माघारीचा मोह का होतो, याचे उत्तर काळाच्या गणितात आहे. २००५ मध्ये पंचविशीत रुजू झालेला महाराष्ट्रातील कर्मचारी ५८ व्या वर्षी, म्हणजे २०३८ मध्ये निवृत्त होईल. त्याला आज जुन्या योजनेत परत घेतले तर राज्याचा दरमहाचा हिस्सा लगेच वाचतो, आणि निवृत्तिवेतनाचे खरे देणे दहा-पंधरा वर्षांनी सुरू होते. निर्णय घेणाऱ्या शासनाच्या पदरात बचत पडते आणि नंतरच्या शासनांच्या पदरात देणे पडते. शिवाय आधी जमा झालेली रक्कम राज्यांना परत मागता येत नाही, कारण निवृत्तिवेतन निधी नियामक प्राधिकरणाच्या २०१३ च्या कायद्यात तशी तरतूद नाही, ही भूमिका केंद्राने कायम ठेवली.

तिसरी वाट

या दोन टोकांच्या मध्ये केंद्राने तिसरी रचना उभी केली. तत्कालीन वित्त सचिव टी. व्ही. सोमनाथन यांच्या समितीच्या कामानंतर २४ ऑगस्ट २०२४ रोजी मंजूर झालेली आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेली एकीकृत निवृत्तिवेतन योजना २५ वर्षांची सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतनाची हमी देते. सेवा कमी असल्यास लाभ त्या प्रमाणात कमी होतो, किमान दहा वर्षे सेवेनंतर महिन्याला किमान १० हजार रुपयांची हमी मिळते, महागाई वाढ लागू होते, आणि कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर जोडीदाराला त्याच्या निवृत्तिवेतनाच्या ६० टक्के रक्कम मिळते. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने केंद्राच्या निर्णयानंतर दुसऱ्याच दिवशी ही योजना स्वीकारण्याचा निर्णय घेतला.

एका उदाहरणाने तिचे स्वरूप स्पष्ट होईल. एखाद्या कर्मचाऱ्याचे अखेरच्या वर्षातील सरासरी मूळ वेतन ६० हजार रुपये आणि सेवा २५ वर्षे असेल, तर त्याचे निवृत्तिवेतन ३० हजार रुपये आणि त्यावर महागाई वाढ असे ठरेल. याखेरीज प्रत्येक पूर्ण सहा महिन्यांच्या सेवेमागे मासिक वेतन व महागाई भत्त्याच्या एक दशांश रक्कम एकरकमी मिळेल. २५ वर्षांत असे ५० सहामाही कालखंड येतात, म्हणजे ही रक्कम पाच महिन्यांच्या वेतनाइतकी होते. जुन्या योजनेतील लाभाशी हे पुष्कळसे जुळते, परंतु महत्त्वाचा फरक पैशाच्या उगमात आहे. येथे कर्मचारी १० टक्के भरतो आणि केंद्र १८.५ टक्के भरते. त्यापैकी १० टक्के कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक निधीत आणि ८.५ टक्के सामाईक निधीत जातात. वैयक्तिक निधी हमीपेक्षा अपुरा पडला तर तूट या सामाईक निधीतून भरून काढली जाते.

हमी जुन्या योजनेची आणि साठवण नव्या योजनेची, असे या रचनेचे वर्णन करता येईल, आणि म्हणूनच ती मूलतः योग्य दिशेची आहे. तिचे यश मात्र ८.५ टक्के पुरेसे आहेत की नाहीत, यावर अवलंबून राहील. आयुर्मान, वेतनवाढ, महागाई आणि गुंतवणुकीवरील परतावा यांचे अंदाज बांधून दायित्व मोजण्याच्या शास्त्राला विमागणित म्हणतात. त्या मोजमापानुसार शासनाचा हिस्सा ठरावीक काळाने वाढवावा लागेल, आणि तो वाढवणे पुढे ढकलले गेले तर सामाईक निधी कागदावर राहून जुन्या योजनेचेच संकट नव्या नावाने परत येईल. आठव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनी मूळ वेतन वाढेल, तेव्हा हमीची रक्कमही वाढेल, पण निधीत मागील वर्षांची अंशदाने जुन्याच वेतनावर जमा झालेली असतील. ही दरी भरण्याचे उत्तर आयोगाच्या शिफारशींबरोबरच द्यावे लागेल.

हमीच्या कक्षेबाहेर

शासकीय कर्मचारी हे देशातील श्रमिकांचा लहानसा भाग आहेत, म्हणून सार्वजनिक निवृत्तिवेतनाचा विचार त्यांच्यापाशी थांबता कामा नये. खासगी कारखान्यांतील, सहकारी साखर कारखान्यांतील, सूतगिरण्यांतील आणि महामंडळांतील कामगारांसाठी १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आहे, जी ‘ईपीएस ९५’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात मालकाच्या हिश्शातून वेतनाच्या ८.३३ टक्के आणि केंद्राकडून १.१६ टक्के जमा होतात; वेतनाची कमाल मर्यादा २०१४ पासून १५ हजार रुपये धरली जाते. निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे, असे तिचे सूत्र आहे. त्यानुसार १५ हजार रुपये वेतन आणि १५ वर्षे सेवा असलेल्या कामगाराला महिन्याला ३,२१४ रुपये मिळतात, आणि ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. २०१४ मध्ये ठरलेले किमान निवृत्तिवेतन १ हजार रुपये आहे. ते वाढवून साडेसात हजार करावे आणि त्यावर महागाई भत्ता द्यावा, या मागणीसाठी या योजनेतील वृद्धांनी बुलढाण्यात दीर्घकाळ साखळी उपोषण केले आहे.

त्याही खालच्या पायरीवर शेतमजूर, घरकामगार आणि फेरीवाले आहेत. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ या वयोगटासाठी केंद्राचा हिस्सा महिन्याला अवघा २०० रुपये आणि त्यापुढे ५०० रुपये आहे. महाराष्ट्र श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून राज्याची भर घालून ही रक्कम २०२३ पासून १,५०० रुपये देतो, परंतु त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१ हजार रुपयांची आहे. २०१५ मध्ये सुरू झालेली अटल पेन्शन योजना १ हजार ते ५ हजार रुपयांची हमी देते, पण ती आज तरुण असलेल्यांनी आपल्या कमाईतून हप्ते भरले तरच. ज्यांना शासकीय हमीची सर्वाधिक गरज आहे, त्यांनाच ती सर्वांत पातळ स्वरूपात मिळते, ही या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत मोठी विषमता आहे.

परदेशांतील दोन धडे

चिलीने १९८१ मध्ये लष्करी राजवटीत निवृत्तिवेतन पूर्णपणे वैयक्तिक खात्यांकडे सोपवले; कामगार १० टक्के भरत, मालक काहीच भरत नसत आणि सैन्य मात्र या बदलाबाहेर ठेवले गेले. कमी वेतनाच्या आणि खंडित नोकरीच्या कामगारांची खाती अपुरी पडली, २००८ मध्ये शासनाला करातून किमान आधार द्यावा लागला, आणि २०२५ मध्ये मालकांचा हिस्सा टप्प्याटप्प्याने सुरू करणारा कायदा झाला. जोखीम व्यक्तीवर टाकली तरी वृद्धांची उपासमार शासनाला पाहवत नाही आणि बोजा अखेर सार्वजनिक तिजोरीवर परत येतो, हा त्यातून मिळणारा धडा आहे. स्वीडनने नव्वदच्या दशकात निराळी रचना केली: हमी सामूहिकच ठेवली, परंतु आयुर्मान आणि अर्थव्यवस्थेची स्थिती यांच्याशी लाभाचे प्रमाण नियमाने जोडले. आर्थिक मंदीनंतर २०१० मध्ये हा नियम लागू होऊन निवृत्तिवेतन खरोखरच घटले, आणि तरीही व्यवस्था टिकली, कारण नियम आधीच सर्वांना माहीत होता व सर्व प्रमुख पक्षांनी तो मान्य केलेला होता.

पुढील दिशा

या सर्व अनुभवांतून भारतासाठी तीन कसोट्या निघतात. पहिली अशी की निवृत्तिवेतनाचे कोणतेही वचन ज्या वर्षी दिले जाईल, त्याच वर्षी त्याच्या खर्चाची रक्कम निधीत जमा झाली पाहिजे, आणि केंद्राने व प्रत्येक राज्याने आपल्या एकूण निवृत्तिवेतन दायित्वाचे विमागणिती मूल्य अंदाजपत्रकाबरोबर विधिमंडळापुढे ठेवले पाहिजे; जुन्या योजनेची मागणी करणाऱ्यांना आणि ती नाकारणाऱ्यांना एकाच आकड्यावर वाद घालता आला, तर तो वाद प्रामाणिक होईल. दुसरी अशी की कर्मचाऱ्याला महागाईपासून संरक्षण आणि किमान रकमेची निश्चिती मिळालीच पाहिजे, कारण बाजाराची जोखीम पेलण्याची शक्ती एकट्या वृद्धापेक्षा शासनात कितीतरी अधिक असते. तिसरी अशी की सार्वजनिक पैशाचा पुढचा वाढीव रुपया प्रथम हमीच्या कक्षेबाहेर असलेल्यांकडे गेला पाहिजे. श्रावणबाळ योजनेची उत्पन्नमर्यादा आणि ईपीएस ९५ चे किमान निवृत्तिवेतन यांचा विचार शासकीय कर्मचाऱ्यांच्या मागण्यांइतक्याच तातडीने व्हायला हवा.

भारत अजून तरुण आहे आणि वृद्धांचे प्रमाण दुप्पट होण्यास सुमारे पाव शतक शिल्लक आहे. आज टाकलेल्या अंशदानाला वाढण्यासाठी तीस वर्षे मिळतात, दहा वर्षांनी टाकलेल्या अंशदानाला वीसच मिळतील, आणि तीच उणीव भरून काढण्यासाठी तेव्हाच्या करदात्याला कितीतरी अधिक भरावे लागेल. निवृत्तिवेतन हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले. त्या हक्कासाठी पैसा वेळेत बाजूला काढणे हे आज कर्त्या असलेल्या पिढीचे कर्तव्य आहे, आणि ते पार पाडण्यास अनुकूल असलेला काळ दरवर्षी कमी होत चालला आहे.